मैत्रिणीला सांगितलेले सिनेमे

माझी मैत्रीण आणि मी धारला एकाच गल्लीत वाढलो, एकाच शाळेत गेलो आणि लग्न होऊन दोघीही देवासला आलो. आमच्या दोघींचे खापरपणजोबा दरबारच्या चाकरीला महाराष्ट्रातून आलेले. पुढे चाकरी गेली. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तिच्या वडिलांचं रंगाचं दुकान होतं. देवासला मी सरकारी शाळेत हिंदी शिकवली. तिने घर सांभाळलं, मुलगा वाढवला. तिचा नवरा कारखान्यात मशीनवर होता. मी त्यांना भाऊजी म्हणते.

देवासला आमच्यात आणखी दोघी आल्या. एक आमच्या कॉलनीत ब्लाऊज शिवते. दुसरी सोनकच्छच्या तहसील ऑफिसात नोकरी करायची आणि सगळी वर्षं रोज बसने जाऊन येऊन असायची. नोकरी सुटली तरी आमच्यात ती सोनकच्छवालीच राहिली. मुलं मोठी झाल्यावर आम्हा चौघींना एकच चैन उरली, रविवारचा दुपारचा शो. काय लागलंय ते न बघतासुद्धा आम्ही जायचो. बाहेर आलं की चहाच्या टपरीवर उभं राहून भांडायचो. शिलाईवालीला मारामारी आवडायची, सोनकच्छवालीला कोर्टाचे सीन. माझ्या मैत्रिणीला त्या दोघी धारवाली म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. ती बहुतेक गप्प असायची आणि घरी जाताना ऑटोत एखादंच वाक्य बोलायची, त्यावर आम्ही आठवडाभर विचार करायचो.

मग तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण पायांतली ताकद परत आली नाही. पुढेपुढे तर उठून बसलं की चक्कर यायला लागली. भाऊजींनी समोरच्या खोलीतला दिवाण काढून तिथे दवाखान्यासारखा पलंग टाकला. येणारा-जाणारा दिसावा म्हणून तिनेच तसं सांगितलं होतं.

आम्ही तिघींनी सिनेमाला जाणं बंद केलं. तिला सोडून कसं जायचं, असं प्रत्येकीला वाटत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एका रविवारी आम्ही तिच्या पलंगापाशी बसलो होतो तेव्हा तिनेच विचारलं, "हल्ली काय बघितलंत?"

"काही नाही," मी म्हटलं.

"का?"

शिलाईवाली म्हणाली, "अब तेरे बिना क्या मजा आएगा?"

"माझ्यासाठी बसून राहिलात तर मला दोन दुखणी होतील," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी जा आणि येऊन मला सांगा."

भाऊजींनी मध्येच सांगून बघितलं की पिथमपूरला नोकरीला असलेला मुलगा सुट्टीला आला की मोबाइलवर हवा तो सिनेमा लावून देईल. तिने मान हलवली. पडून मोबाइल बघितला की तिचे डोळे फिरायचे, हात अवघडायचा. टीव्ही भिंतीवर होता, तिकडे मान वळवून फार वेळ राहता येत नव्हतं. "आणि ते लोक इतके इतकेसे दिसतात," ती म्हणाली. "मला ह्या तिघींच्या तोंडून ऐकायचाय."

पहिल्यांदा आम्ही फारच वाईट सांगितलं. तिघी एकदम बोलायला लागलो. सोनकच्छवालीने आधीच सांगून टाकलं की शेवटी भाऊच खुनी निघतो. शिलाईवाली उभी राहून मारामारी करून दाखवायला लागली आणि तिचा हात सलाइनच्या स्टँडला लागला. मी शाळेत धडा सांगावा तशी सुरुवातीपासून गोष्ट सांगत बसले. धारवालीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गोष्ट मला पेपरात मिळेल. तुम्हाला काय झालं ते सांगा ना."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तू कुठे रडलीस. हिला कुठे कंटाळा आला. कुठे घर आठवलं. ते सांग."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण पुढच्या रविवारी थिएटरात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कुठे काय होतं हे मी आजवर बघितलंच नव्हतं. डोळे पुसून बाहेर यायचं आणि नट-नटीचे कपडे बोलायचे, एवढंच. आता मी पडद्याकडे बघता बघता स्वतःकडेही बघत होते. हे का टोचलं, तो म्हातारा बोलला तेव्हा मला राग का आला. शोमधून बाहेर पडल्यावर आम्ही टपरीवर थांबेनाशा झालो. सरळ तिच्याकडे जायचो, म्हणजे जे झालं ते ताजं राहायचं. भाऊजी दार उघडायचे, आम्हाला बसवायचे आणि चहा करायला आत जायचे. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यात नुसता पडदा होता, त्यामुळे आमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं. पण ते कधी मध्ये बोलले नाहीत.

त्या खोलीत आम्ही एकमेकींचं जे ऐकलं ते इतक्या वर्षांच्या मैत्रीत ऐकलं नव्हतं. एका सिनेमात सासरा एकटा जेवताना दाखवला होता. फार छोटा सीन, मला तर आठवतही नव्हता. शिलाईवालीला तिथेच रडू आलं होतं. ती म्हणाली, लग्न झालं तेव्हा तिचे सासरे रोज असे एकटे जेवायचे आणि ती नवीन सून म्हणून ताट ठेवून मागे सरायची. कधी त्यांना विचारलं नाही की अजून काय हवं. "मामंजी बहोत सीधे थे," ती म्हणाली. हिंदी बोलता बोलतासुद्धा तिच्या तोंडी सासऱ्यांसाठी तो जुना मराठी शब्दच आला. धारवालीने तिला जवळ बोलावलं आणि तिचा हात नुसता धरून ठेवला.

सोनकच्छवालीला एका सिनेमातली बस बघवली नव्हती. बसमध्ये गर्दी असते आणि नायिका लटकत जाते, लोक हसतात असा तो सीन. ती म्हणाली की पहिल्या बाळंतपणाच्या वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत ती तशीच उभ्याने सोनकच्छला जायची आणि सगळं थिएटर हसत होतं तेव्हा तिला उठून जावंसं वाटलं. आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला ती फक्त बसच्या गमती सांगायची.

धारवाली स्वतःचं कमी सांगायची. पण प्रश्न ती अशा माणसाबद्दल विचारायची ज्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलेलं नसायचं. लग्न मोडलं तेव्हा त्या मुलीची धाकटी बहीण कुठे होती? तो पळून गेला तर दुकान कुणी उघडलं? आम्ही सांगू शकायचो नाही. मग पुढच्या वेळी आम्ही तेही बघायचो.

असं जवळजवळ वर्ष गेलं असेल. मग उन्हाळ्यात एक सिनेमा आला. आम्हाला तो कशाबद्दल आहे ते माहीत नव्हतं. पोस्टरवर डोंगर आणि जुनं घर होतं, एवढंच. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कळलं. डोंगरातल्या गावात राहणारं वयस्क जोडपं, बायको अंथरुणावर. नवरा तिची वेणी घालतो, तिला भरवतो, खिडकीपाशी पलंग सरकवतो. एके दिवशी ती त्याला म्हणते, मला खालच्या गावातले आंबे खायचेत, घेऊन या. खालचं गाव लांब असतं. तो जातो. तो परत येतो तेव्हा ती गेलेली असते. तिला आधीच कळलं होतं का, म्हणूनच तिने त्याला पाठवलं का, हे सिनेमात कुणी बोलून दाखवत नाही. तो पिशवी घेऊन पायरीवर बसतो आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले तरी आम्ही उठलो नाही. सफाईवाला झाडू घेऊन आमच्या रांगेपाशी येऊन थांबला तेव्हा उठलो.

बाहेर आल्यावर शिलाईवाली म्हणाली, "ये वाली नहीं सुनानी अपन को."

"मग काय सांगायचं?" सोनकच्छवालीने विचारलं. "ती वाट बघत असेल."

"बोल देंगे तिकिट नहीं मिली."

"मॉलच्या रिकाम्या थिएटरात तिकीट मिळालं नाही? तिला पटेल?"

थोडा वेळ आम्ही उन्हात तशाच उभ्या राहिलो. शेवटी असं ठरलं की सिनेमा सांगायचा, पण शेवटी तो आंबे घेऊन येतो आणि दोघं खिडकीत बसून खातात असं सांगायचं. मला ते बरोबर वाटत नव्हतं. पण खरं सांगावं असं म्हणण्याचंही धाडस नव्हतं.

भाऊजींनी दार उघडलं. त्या दिवशी तिची तब्येत बरी होती. उशा लावून थोडी उंच बसली होती, केस धुतलेले होते. सोनकच्छवालीने सुरुवात केली. डोंगर सांगितले, घर सांगितलं. बायको आजारी आहे एवढं सांगून ती घाईने पुढे गेली. आंबे आले, खिडकी आली, सिनेमा संपला.

धारवाली आमच्याकडे बघत होती. "एवढंच?" तिने विचारलं.

"हो. स्लो होता जरा."

"मग ही हात बांधून का बसलीये?" तिने शिलाईवालीकडे बघितलं. शिलाईवाली सिनेमा सांगताना कधी हात स्थिर ठेवत नसे. आता ती दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. तिने मान खाली घातली.

मग धारवाली मला म्हणाली, "तू सांग. आणि नीट सांग."

मी सांगितलं. वेणी घालण्यापासून पायरीपर्यंत सगळं. सांगताना माझा आवाज दोनदा गेला, तेव्हा तिने मला थांबवलं, पाणी प्यायला लावलं आणि पुढे सांग म्हणाली. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो मध्येच बंद झाला.

माझं सांगून झालं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती, लहानपणी गणित चुकलं की पडायची तशी.

"चुकलं तिचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"त्या बाईचं. तिला वाटलं आपण त्याला वाचवलं. त्याने बघू नये म्हणून त्याला लांब पाठवलं. आता तो बिचारा जन्मभर आंबे बघेल आणि म्हणेल, मी गेलोच का. इतकी वर्षं तो तिचं सगळं करतो. आणि शेवटचं तेवढं त्याच्याकडून काढून घ्यायचं? मी नसतं पाठवलं."

शिलाईवाली आता उघडच रडत होती. सोनकच्छवाली खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

भाऊजी चहाचा ट्रे घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. धारवालीने त्यांना विचारलं, "अहो, तुम्ही गेला असता का आंबे आणायला?"

त्यांनी कप तिपाईवर ठेवले. म्हणाले, "मी कशाला जाऊ? पोराला फोन केला असता. पिथमपूरहून येताना घेऊन आला असता."

ती हसली. आम्हीही हसलो, रडता रडताच. भाऊजी हसले नाहीत. ते तिच्या बशीत चहा ओतून फुंकर घालत बसले.

त्यानंतर आम्ही तिच्याशी कधी काही लपवलं नाही, आणि तिनेही नाही. पावसाळ्यात ती एकदा म्हणाली की तिला मरणाची भीती वाटत नाही असं लोक तिच्या तोंडावर म्हणतात ते खरं नाही, तिला वाटते. हेही एका सिनेमावरूनच निघालं होतं. त्यात एक म्हातारी हसत हसत मरते. धारवाली म्हणाली, "ते त्यांनी बघणाऱ्यांसाठी केलंय."

थंडीत तिच्या छातीत कफ झाला. आधी देवासलाच दाखवलं, मग इंदूरला न्यावं लागलं. आयसीयूत ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते, ठरलेल्या वेळी एकाला थोडा वेळ. भाऊजी आणि मुलगा बाहेरच्या बाकड्यावर असायचे. आम्ही तिघी बसने जाऊन यायचो. मला एकदा आत जायला मिळालं. तिच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी तिला सांगितलं की ह्या रविवारचा सिनेमा अजून बघितलेला नाही, तू आल्यावर बघू. तिने डोळ्यांनी नाही म्हटलं. मला वाटतं तिला म्हणायचं होतं, जा, बघून या.

ती सकाळी गेली. भाऊजी बाहेर बाकड्यावर होते. आत धावपळ झाली, नर्स म्हणाली थांबा, आणि त्यांना बोलावलं तेव्हा सगळं झालेलं होतं. यात कुणाची चूक नव्हती. ते लोक तिला वाचवायलाच धडपडत होते.

तेराव्यापर्यंत आम्ही त्यांच्या घरी जात होतो. मग भाऊजी मुलाबरोबर पिथमपूरला राहायला गेले, दोन महिन्यांनी करमत नाही म्हणून परत आले. एका दुपारी ते माझ्या घरी आले. असे एकटे ते कधी आले नव्हते. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "ताई, तो आंब्यांचा सिनेमा. त्यात तो परत आल्यावर काय म्हणतो?"

मी म्हटलं, "काहीच म्हणत नाही. पायरीवर बसतो."

"रडतो का?"

"दाखवलं नाही."

ते जमिनीकडे बघत राहिले. म्हणाले, "ती म्हणाली होती, मी नसतं पाठवलं. मी आतून ऐकलं होतं. तिने नाहीच पाठवलं मला. मी तिथेच होतो, दाराच्या बाहेर. तरी आत नव्हतो. तिला काय वाटलं असेल?"

मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही दारात आहात हे तिला ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. जाताना म्हणाले, "तो सिनेमा मला बघायचाय. पण एकट्याने नाही."

पुढच्या रविवारी त्यांच्या मुलाने टीव्हीवर तो लावून दिला आणि आम्ही तिघी त्यांच्याबरोबर बसलो. समोरच्या खोलीतला पलंग त्यांनी काढला नव्हता. कुणी त्याच्यावर बसलं नाही, खुर्च्या आणल्या. मला भीती होती की त्यांना त्रास होईल. पण ते अगदी लक्ष देऊन, पुढे वाकून बघत होते, मशीनचा आवाज ऐकत असावेत तसे. वेणीचा सीन आला तेव्हा म्हणाले, "असं नाही घालत. पडलेल्या माणसाची एका बाजूला घालायची, नाहीतर टोचते." आम्हाला हे थिएटरात सुचलं नव्हतं.

मग तो आंबे आणायला निघतो तो सीन आला. तो चप्पल घालतो, पिशवी घेतो, दाराबाहेर पडतो. आणि आतून ती त्याला हाक मारते. तो मागे येतो, दारात उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते, मग म्हणते, ऊन आहे, टोपी घाला. तो टोपी घालतो आणि जातो.

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं," भाऊजी म्हणाले.

खरंच नव्हतं सांगितलं. तिघींपैकी एकीलाही ते आठवत नव्हतं.

त्यांनी मुलाला ते परत लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. मग सावकाश म्हणाले, "तिला त्याला पाठवायचं नव्हतं. बघा ना. पाठवलं आणि राहवलं नाही, म्हणून परत बोलावला. टोपीचं नुसतं निमित्त आहे. धारवालीला हे कळलं असतं तर ती तिला चुकीची म्हणाली नसती."

ते तिला धारवाली म्हणाले, आम्ही म्हणायचो तसं. मला वाटत होतं की ते खरं आहे, आणि धारवालीने हे ऐकायला हवं होतं असंही फार वाटत होतं. ती त्यावर काय म्हणाली असती ते मी मनात जुळवून बघितलं, पण तिचं म्हणणं मला कधीच आधी ओळखता आलेलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर भाऊजी उठून आत गेले. चहाच्या भांड्यांचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने मुलगा आत जाऊन बघून आला, म्हणाला, "पापा गॅलरी में बैठे हैं, बैठने दो." आम्ही घरी गेलो.

त्यानंतर काही महिन्यांनी सोनकच्छवालीने त्यांना विचारलं की आमच्याबरोबर थिएटरला येता का. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या खूप आधी येऊन मॉलच्या दारात उभे होते. आमच्या रांगेत कडेला बसले. पहिले दोन-तीन सिनेमे ते बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत. आम्ही पुन्हा टपरीवर थांबायला लागलो होतो, तिथे ते कप धरून ऐकत उभे राहायचे. शिलाईवाली त्यांना इकडच्यासारखं भिया, म्हणजे भाऊ, म्हणते; तिने एकदा हळूच विचारलं, "भिया, आपको कैसी लगी?" ते म्हणाले, ठीक. आम्ही पुढे विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका कुटुंबाचा सिनेमा बघितला. भाऊ-भाऊ घर वाटून घेतात. आम्हा तिघींना फार आवडला होता, थोरल्या भावासाठी आम्ही रडलोही होतो. टपरीवर सोनकच्छवाली त्याचंच कौतुक करत होती. भाऊजी अचानक म्हणाले, "थोरला लबाड आहे."

"अहो, तो तर सगळं सोडून देतो," मी म्हटलं.

"सोडून देतो आणि सगळ्यांना सांगत फिरतो. धाकट्याची बायको बघितली का तुम्ही? ती शेवटच्या सीनमध्ये कुठेच नाही. तिला कुणी विचारलं?"

शिलाईवालीने त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली, हात नाचवून, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत. तेही मागे हटेनात. चहा निवला तरी ते दोघं बोलत होते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मग ऑटो आली, त्यात आम्ही दाटीवाटीने बसलो आणि ते भांडण तसंच पुढे चालू राहिलं.